पहिली किटली

मार्च लागला तशी इशबेलने ऑटवातल्या ग्रंथालयातून रजा काढली आणि वडिलांच्या गुऱ्हाळाचं कुलूप उघडलं.

फर्गस ड्रमंड नोव्हेंबरात गेले. मागे राहिलं ते लॅनार्क गावच्या चढावरचं घर, घरामागचं मेपलचं रान, रानाच्या तोंडाशी उभं असलेलं हे पत्र्याच्या छपराचं गुऱ्हाळ आणि एक रीत. रीत अशी, की मेपलच्या रसाचा हंगामातला पहिला पाक विकायचा नाही. सरत्या हिवाळ्यात ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांच्या दारी त्याची एकेक बाटली नेऊन द्यायची. कुणी फाटकापुढचा बर्फ काढलेला असायचा, कुणी अडलेल्या गाईपाशी बसलेलं असायचं. बाटली देताना भाषण करायचं नाही. घेणाऱ्यानेही आभार मानायचे नाहीत, कारण ते आभारच होते. आभारांचे आभार मानायला लागलं तर ही गाडी थांबायची कुठे, असं फर्गस म्हणत.

या वर्षी दारं बरीच होती. शेजारच्या रेआलने वडिलांना आठवड्यामागून आठवडे आपल्या गाडीतून इस्पितळात नेलं-आणलं होतं. चर्चमधल्या बायकांनी ओट्यावर इतकी झाकलेली भांडी आणून ठेवली की इशबेलला महिनाभर चूल पेटवावी लागली नाही. आणि लिगाया, घरी येऊन शुश्रूषा करणारी नर्स, फिलिपिन्सची. ती शेवटच्या आठवड्यात आपली पाळी संपल्यावरही घरी गेली नव्हती. या सगळ्यांचे आभार मानायला इशबेल डिसेंबरात दोनदा घराबाहेर पडली आणि दोन्ही वेळा हवामानावर बोलून परत आली. जन्मभर पुस्तकांत वावरलेल्या बाईला नेमके तेवढेच शब्द सापडले नाहीत.

तेव्हा पाक करायचा. आणि तो बाबांच्या हातचा वाटावा असा करायचा. रानाचं पुढे काय, गुऱ्हाळाचं काय, ते पुढचं पुढे. यंदाच्या बाटल्या गेल्या पाहिजेत, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

काम तिला नवं नव्हतं. झाडाला भोक पाडून नळी ठोकणं, बादल्या टांगणं, रस टाकीत ओतणं, चुलाणात लाकूड सारणं हे सगळं तिने लहानपणापासून केलेलं. फक्त एक गोष्ट केलेली नव्हती. कढईची तोटी उघडायची वेळ बाबा ठरवायचे. "सात झाले की उघडायची," एवढंच ते म्हणत. उकळत्या पाण्याच्या वर सात अंश चढले की रसाचा पाक होतो. अलीकडे पाणचट, पलीकडे साखर. आणि हे सात अर्थातच फॅरेनहाइटचे, कारण फर्गस ड्रमंडांना दुसरे अंश मान्य नव्हते.

इशबेल नऊ वर्षांची असताना एका एप्रिलच्या पहिल्या तारखेला रेडिओने हवामान सेल्सिअसमध्ये सांगायला सुरुवात केली. अख्ख्या लॅनार्कला वाटलं, एप्रिल फूल करताहेत. दुसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर बाबांनी चमचा लापशीत उभा केला आणि म्हणाले, "या गृहस्थाला विचार, माणसांच्या अंशात किती होतात?" शाळेत इशबेलला ते नुकतंच शिकवलेलं होतं. तिने दुप्पट केली, तीस मिळवले आणि ढोबळ उत्तर दिलं. मग कागदावर नऊने गुणून, पाचाने भागून, बत्तीस मिळवून नेमकं दिलं. त्या दिवसापासून ती घराची दुभाषी झाली. रेडिओ एका भाषेत बोलायचा, बाबा दुसऱ्या, आणि मध्ये ती. एफी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, या भानगडीत पडली नाही. केक फॅरेनहाइटमध्येच फुगतो, असं सांगून तिने ओव्हनचा विषय कायमचा मिटवला होता. बाहेरच्या थंडीला काय नावं ठेवायची ती ठेवा. त्या दोन मोजपट्ट्यांचं पटलेलं मी एकदाच पाहिलं, उणे चाळीसला, आणि तेव्हा पाहायला बाहेर कोणी जात नव्हतं, असंही ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र बाबांनी कबूल केली होती. रात्री पंचवीस आणि दिवसा चाळीस झाले की मेपलचा रस वाहतो, हे त्यांचं जुनं गणित. नव्या अंशांत ते उणे चार आणि अधिक चारच्या आसपास पडायचं. शून्याच्या अलीकडे रात्र, पलीकडे दिवस. "झाडाला तुझा सेल्सिअस बरा कळतो," बाबा म्हणाले होते. "चिन्ह बदललं की रस सुटतो." या कौतुकावर इशबेलने तो सबंध उन्हाळा काढला.

ऑक्टोबरअखेरीस इशबेल त्यांच्या उशाशी बसलेली असताना लिगायाने ताप पाहिला आणि अडतीस पूर्णांक सहा सांगितला. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "माणसांच्या?" इशबेल म्हणाली, "एकशे एक आणि अर्धा, बाबा." ते जरा वेळाने म्हणाले, "काहीच नाही गं. पाकाला याच्या दुपटीहून जास्त लागतं." तिचं शेवटचं भाषांतर ते.

गुऱ्हाळ उघडल्यावर पहिला घोटाळा तिथेच निघाला. बाबांचा तबकडीचा थर्मामीटर भिंतीवर होता, पण यंदा हिवाळ्याआधी तो कुणी घरात न नेल्याने गारठ्याने त्याची काच तडकली होती आणि काटा वाटेत कुठेतरी अडकून पडला होता. तिने जवळच्या पर्थ गावाच्या बाजारातून नवा आणला. लांब दांड्याचा, आकडे उजळून दाखवणारा, आणि फक्त सेल्सिअसमध्ये बोलणारा. तिला त्याचं काही वाटलं नाही. भाषांतर तर तिचा हातखंडा. पाणी दोनशे बाराला उकळतं. त्यात सात मिळवले, दोनशे एकोणीस. बत्तीस वजा, पाचाने गुणले, नऊने भागले. एकशे चारला निसटतं कमी. खडूने तिने खांबावर १०४ लिहिलं आणि चुलाण पेटवलं.

त्या दिवशी आभाळ खाली आलेलं होतं. ओला, जड बर्फ पडत होता. रस छान वाहिला होता, कढई खळखळत होती, वाफ छपराच्या फटीतून बाहेर पडून बर्फात मिसळत होती. इशबेलने दाराची फळी घट्ट लावली, घरून आणलेल्या थर्मासातला चहा घेतला आणि आकड्यांवर डोळे लावून बसली. एकशे दोन. एकशे दोन पूर्णांक सहा. एकशे तीन. तिथे फेस चढायला लागला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले, वासात काही वेगळं आलं. तिचा हात तोटीकडे गेला होता. पण खांबावर १०४ लिहिलेलं होतं, आणि ते तिच्या अक्षरात होतं. ती थांबली. आकडा आला तेव्हा तिने तोटी उघडली आणि पाक गाळणीवर आला तो सुस्तावलेल्या मांजरासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एफी आत्या काठी टेकत आली. ऐंशी वर्षांची बाई, गुऱ्हाळातलं तिचं काम बाटल्या भरण्याचं आणि नावं ठेवण्याचं. दोन्हींत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने पसरट पळी पाकात बुडवली आणि उजेडात आडवी धरली. चांगला पाक पळीच्या कडेवरून पातळ पडद्यासारखा लोंबतो. हा कडेला जमला आणि एक गोळा होऊन बदकन पडला. तिने बोट चाटलं, मग जीभ टाळूला लावून जरा वेळ छपराकडे पाहिलं.

"पाक नव्हे हा," ती म्हणाली. "मलम आहे. गुडघ्यांना लावीन मी."

"थोडा दाट झालाय, एवढंच ना?"

"दाट झालाय आणि कोपऱ्यात लागलाय. फर्गसच्या नावाने हे दारोदार देऊ नकोस गं पोरी. लोक काही बोलणार नाहीत, आणि तेच वाईट."

इशबेलनेही चाखून पाहिलं. मागे करपट चव होती, अगदी जराशी, पण एकदा कळल्यावर न कळण्यासारखी नव्हती. आत्याने तो सगळा पाक बीन्ससाठी बाजूला काढायला सांगितला. बीन्सना काहीही चालतं, त्या ख्रिस्ती धर्माच्या खऱ्या अनुयायी आहेत, असं तिचं मत.

इशबेलने खांबापाशी जाऊन गणित पुन्हा केलं. मग उलटीकडून केलं. आकडा बरोबर होता. रसात काही खोट नव्हती, कढई तीच, लाकूड तेच. आणि रेडिओ सांगत होता की गुरुवारपासून ऊब येणार आहे, रात्रीसुद्धा पारा शून्याखाली जाणार नाही. म्हणजे चिन्ह बदलायचं थांबणार. झाडांना डोळे फुटणार, रसाला हिरवट वास येणार, हंगाम संपणार. टाकीत आता होता तेवढाच रस. तो आज उकळला नाही तर आंबणार, आणि उकळून बिघडला तर यंदा फर्गस ड्रमंडांच्या घरून कुणाच्या दारी काही जाणार नाही. ज्या वर्षी सगळ्यांत जास्त जायला हवं होतं त्याच वर्षी.

एक वाट होती. रस रेआलला देऊन टाकायचा आणि त्याच्या पाकाच्या बाटल्या घ्यायच्या. रेआलचा पाक उत्तम असतो. पण मग एक बाटली त्याचीच त्याला परत द्यायची? तिने फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

आत्याने तोवर बाकावर बस्तान बसवलं होतं आणि चहा मागितला. इशबेलने थर्मास पुढे केला. आत्याने तो नाकाजवळ नेऊन परत दिला.

"थर्मासातल्या चहाला थर्मासाची चव येते. किटली ठेव. गुऱ्हाळात बसून घरचा चहा प्यायला मी काय पाव्हणी आहे?"

इशबेलने चुलाणाच्या कडेवर किटली ठेवली आणि सवयीने टाकीतून रसाचा डाव भरला. तिकडे सगळीच गुऱ्हाळं रसाचाच चहा करतात. साखर घालावी लागत नाही. पण आत्याने काठी आडवी धरली.

"पहिली किटली ना ही? मग पंपाचं पाणी आण."

"का?"

"मला काय माहीत का? इथे तसंच चालतं. पहिली किटली साध्या पाण्याची, मग दिवसभर रसाची. तुझ्या आईने त्याला चिक्कू म्हटलं, मी म्हटलं, पाद्र्याने म्हटलं. तो आपला म्हणायचा, पहिली किटली साधीच हवी."

इशबेलला ते आठवलं. विसरली नव्हतीच ती. शाळेआधी गुऱ्हाळात यायचं, हात शेकायचे, आणि बाबा कपात ओततील तो अगोड, कडवट चहा तोंड वाकडं करून प्यायचा. कपाटात साखर नाही, पुढ्यात टाकीभर गोड रस, आणि चहा मात्र बेचव. ही आपल्या घराण्याची धर्मनिष्ठा असावी, दिवसाची सुरुवात थोड्या कष्टाने करावी, अशी तिने समजूत करून घेतली होती. मोठी झाल्यावर यावर तिने ग्रंथालयात विनोदही केले होते.

ती पंपावरून पाणी घेऊन आली. पाणी तापेपर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, की नवा थर्मामीटरच खोटा आहे. तसं असलं तर सोपं होतं. पाण्याला वाफ धरली तेव्हा तिने झाकण काढलं आणि थर्मामीटरचा दांडा किटलीत सोडला. पाणी खळाळून उकळायला लागलं. आकडे चढत अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात झाले आणि तिथेच राहिले. ती वाट पाहत होती शंभरची. लाकूड वाढवलं. पाणी अधिक उसळलं, किटली नाचायला लागली, आकडा हलला नाही.

"खोटाच निघाला," ती म्हणाली, आणि आवाजात आनंद होता. "सव्वा अंशाहून जास्त चुकतोय."

"बघू," म्हणून आत्याने मान पुढे केली, पण डोळ्यांत मोतीबिंदू, वाफेतले बारीक आकडे तिला दिसले नाहीत. "फर्गसचा तरी कुठे दोन दिवस एक आकडा दाखवायचा? रोज किटलीत बुडवायचा आणि रोज काहीतरी नवीन. आज पाणी उतावीळ आहे म्हणायचा. नाहीतर, आज पाणी सुस्त आहे. मी म्हणायची, फर्गस, पाण्याचं सोड, चहा दे."

इशबेल किटलीपाशी उभी होती ती तशीच राहिली.

आज पाणी उतावीळ आहे. हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. वडिलांच्या मोजक्या विनोदांपैकी एक म्हणून ते तिने जपूनही ठेवलं होतं. नोव्हेंबरात त्यांच्याविषयी चार शब्द बोलायची वेळ आली तेव्हा ते सांगावं असं तिच्या मनात होतं, पण नेमका विनोद काय हे तिलाच सांगता येईना, म्हणून तिने ते वगळलं.

ती बाहेर गेली. कपात बर्फ भरला, त्यात थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि थर्मामीटर त्यात धरला. आकडे झरझर उतरले आणि शून्यावर टेकले. शून्य म्हणजे शून्य, एक दशांशही इकडेतिकडे नाही. म्हणजे थर्मामीटर खरं बोलत होता. तिने वर पाहिलं. ढग कालच्यासारखेच झाडांच्या शेंड्यांना टेकलेले. उंच पर्वतावर बटाटे का शिजत नाहीत हे तिने दहा पुस्तकांत वाचलं होतं. वरच्या हवेचं ओझं हलकं, म्हणून पाणी लवकर उकळतं, तापायच्या आतच उकळतं. पण त्यासाठी पर्वतावरच जावं लागतं असं नाही. आभाळ भरून आलं, हवेचा दाब उतरला, की लॅनार्कच्या किटलीतलं पाणीही उतावीळ होतं.

बाबांचे सात दोनशे बाराच्या वरचे नव्हतेच. ते आजच्या पाण्याच्या वरचे होते.

ती आत आली आणि खांबावरचं १०४ बाहीने पुसलं. आजचं पाणी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात. त्यात बाबांचे सात मिळवायचे. पण ते सात नव्या थर्मामीटरच्या भाषेत किती? तिने खडू उचलला आणि हात आपोआप चालला. सातातून बत्तीस वजा, पाचाने गुणून नऊने भागून. उत्तर आलं उणे चौदा. तिने त्या आकड्याकडे पाहिलं. म्हणजे उकळत्या पाण्यापासून चौदा अंश खाली जाऊन पाक करायचा! ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून हसली. आत्याला वाटलं पोरीला रडू आलं, आणि ती उठायला लागली.

"बस गं आत्या. बत्तीस काढले मी. जन्मभर काढलेत ना, म्हणून आताही काढले."

"मग?"

"काढायचे नसतात. ती दोघं, फॅरेनहाइट आणि सेल्सिअस, निघतात वेगवेगळ्या पायरीवरून, म्हणून बत्तीस लागतात. इथे पायरी विचारलीच नाहीये. किती चढलं एवढंच विचारलंय."

आत्याने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, की तिला यातलं अक्षर कळलेलं नाही, पण नोव्हेंबरपासून पोरगी पहिल्यांदाच हसली तेव्हा गणित बरोबर असणार. आणि चहा कुठाय?

इशबेलने चहा ओतला. साधा, बिनसाखरेचा. सात अंशांचे पाच-नवमांश, चाराला थोडे कमी. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सातात ते मिळवले. एकशे दोन पूर्णांक सहा. काल याच आकड्याच्या जरा पुढे फेस चढला होता, बुडबुडे आळसावले होते, वास बदलला होता आणि तिचा हात तोटीकडे गेला होता. हाताला ठाऊक होतं. तिने त्याला आपल्याच अक्षरातला आकडा दाखवून थांबवलं होतं.

टाकीचा नळ सोडून तिने रस कढईत घेतला. दिवसभर दोघी तिथेच होत्या. आत्या बाटल्या पुसत बसली आणि मधून मधून फर्गसच्या लहानपणच्या खोड्या सांगत राहिली. त्यांतल्या काही इशबेलने आधी ऐकल्या होत्या, पण इतक्या वाईट थराला गेलेल्या नव्हत्या. दुपारी वारा फिरला, तेव्हा तिने पुन्हा साधी किटली ठेवली आणि पाणी आत्ता काय म्हणतंय ते विचारून घेतलं. एक दशांश वर सरकलं होतं. तिनेही खांबावर एक दशांश वाढवला.

वेळ आली तेव्हा तिने तोटी उघडली. पाक गाळणीवर आला तो सरळ, तांबूस धारेने, न घुटमळता. आत्याने पळी बुडवून दिव्यासमोर धरली. कडेवर पाक थबकला, पसरला, आणि पळीच्या रुंदीचा पातळ पडदा होऊन खाली लोंबला. त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता.

आत्याला नाव ठेवायला काही सापडलं नाही. मग पळी चाटून म्हणाली, "ठीक आहे."

तिच्या तोंडून त्या घराने ऐकलेली ही सगळ्यांत मोठी स्तुती. ती इतकी वर्षं फर्गसना मिळत आली होती, वर्षातून एकदा.

गुरुवारी खरंच ऊब आली. इशबेल बाटल्या घेऊन निघाली. रेआल फाटकापाशीच भेटला. त्याने बाटली उन्हात धरून पाहिली, मान हलवली आणि हवामानावर बोलला. तीही हवामानावर बोलली, आणि या खेपेला तेवढं पुरेसं झालं. चर्चमधल्या बायकांनी बाटल्यांच्या बदल्यात तिला, भांडी परत करताना चुकून गेलेली तिच्या घरची झाकणं दिली.

लिगायाचं दार तिने शेवटी ठेवलं होतं. पर्थमध्ये एका बेकरीच्या वर तिची खोली. रात्रपाळी करून आलेली असावी, केस ओले होते. तिने बाटली घेतली, खिडकीत ठेवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली.

"आजोबा सांगायचे तो हाच का पाक, ताई? सातवाला?"

इशबेलने विचारलं, सातविषयी तुला काय सांगितलं त्यांनी?

लिगाया हसली. मग खुर्ची ओढून तिला बसवून सांगायला लागली. ती पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली तेव्हा सप्टेंबर होता. फर्गस त्या दिवशी बरे होते, अंगणात बसले होते. तिने औषधं लावून ठेवली आणि निघाली, तर म्हणाले, ताप बघितल्याशिवाय कुठे चाललीस? ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला ताप नाहीये. ते म्हणाले, नाहीये म्हणूनच बघ. आधी साधं पाणी बघून ठेवावं, मग सात कुठे होतात ते कळतं. तिला काही उमगलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं कशाला, म्हणून तिने पाहिला. पस्तीस पूर्णांक नऊ. सगळ्यांचा असतो त्याहून एक अंशाहून जास्तच कमी.

"आणि मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा सदतीस पूर्णांक चार आला. कुणाचाही आला असता तर मी काही केलं नसतं. त्याला कुणी ताप म्हणत नाही. पण आजोबांचं साधं पाणी मला माहीत होतं ना. मी लगेच डॉक्टरांना बोलावलं. छातीत सुरू झालेलं होतं, वेळेवर औषध गेलं." तिने खिडकीतल्या बाटलीकडे पाहिलं. "तुम्हाला वाटलं असेल मी फार हुशार. डॉक्टरपण तसंच म्हणाले. ते माझं नव्हतं, ताई."

इशबेलला तो ऑक्टोबर आठवला. छातीतला जोर उतरल्यावर बाबांना खुर्चीसकट अंगणात आणलं होतं. रान लाल झालं होतं, आणि ते झाडांकडे बोट दाखवून, कुठलं यंदा जास्त रस देईल आणि कुठलं नुसतंच नटतंय, हे तिला सांगत होते. ते दिवस देवाने दिले असं ती धरून चालली होती. ते देणारी बाई समोर बसली होती, आणि ती म्हणत होती, माझं नव्हतं.

भाषण करायचं नाही, अशी रीत होती. तिने ती मोडली.

"लिगाया," ती म्हणाली, "मी तुझी फार ऋणी आहे."

लिगायाने तिचा हात हातात घेतला. पस्तीस पूर्णांक नऊवरून सदतीस पूर्णांक चार, इशबेलच्या मनात आलं. दीड अंशाचा चढ. बाबांच्या भाषेत दोन पूर्णांक सात. बत्तीस मिळवायचे नव्हते.

मग लिगायाला आठवण झाली, की पाहुणीला काही विचारलंच नाही. ती उठली, किटली भरून गॅसवर ठेवली आणि विचारलं, साखर किती घालू?

"नको," इशबेल म्हणाली. "पहिली साधीच असू दे."